नदीनं सासरवाडीला

चहा संपेपर्यंत ऐका, आणि हसायचं ते शेवटी हसा. पाठीवर हवेची टाकी बांधून पंचगंगेत उतरलेला आमच्या भागातला पहिला माणूस मीच, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. पुढं झालं ते झालं.

मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. तेव्हा मोबाइल नुकते आले होते. मी, मेडिकलवाला संजा आणि वायरमन बबन, तिघं गोव्याला जाऊन स्कूबा शिकून आलो. आल्यावर मला चैन कुठली पडते!

सासरे कसबा बावड्याचे, मळा नदीकाठी. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण या माणसाच्या तोंडून जावयासाठी एकदाही ‘शाबास’ निघालं नव्हतं. माझा उपयोग एकच, अर्ज लिहायला. अक्षर चांगलं ना! दसऱ्यालासुद्धा जेवणाआधी पानभर अर्ज लिहून घेतला होता. मी मात्र पावसाळ्यातच ठरवलं होतं, यांच्या मळ्यात नदीतूनच जायचं.

बेत साधा होता. वरच्या घाटाला बुडी मारायची, पाय हलवायचे नाहीत, प्रवाह नेईल तसं जायचं आणि थेट मळ्यापाशी डोकं वर काढायचं. अंदाज पक्का होता. गणपतीत मी घाटावरून नारळ सोडला होता आणि बबननं काठानं त्याची एम-एटी गाडी पळवली होती. नारळ चाळीस मिनिटांत मळ्याला लागला. याला म्हणतात शास्त्र!

पाणी निवळावं म्हणून दिवाळीनंतरचा रविवार धरला. सासऱ्यांना फोन केला, तर म्हणाले, “पावणं, दारातनं आलासा तरी च्या मिळतोय की.” पण त्यांनी भावकी गोळा केली, हलगीवालाही बोलावला.

तिघं एका दोरीला बांधून उतरलो. आत मिट्ट काळोख. घड्याळ डोळ्यांवरच्या काचेला चिकटवावं तेव्हा काटे दिसत. बबन पाय मारायला लागला, तसा मी दोरीला हिसका दिला. मनात माझा प्रवास जोरात चालला होता. हा पूल गेला, ही पाणी उपसायची मोटार गेली, हा आला बावडा. चाळीस मिनिटं भरली आणि मी दोन्ही हात उंचावून वर आलो. “पोचलो!”

समोर म्हसरं धुणारा माणूस. उतरताना होता तोच.

“कुठं पोचलासा?”

“बावड्याला.”

“बावडा तिकडं ऱ्हायला. तुमचं बुडबुडं मघाधरनं हितंच हायत. मला वाटलं, काय तरी हरीवलंय.”

बावड्याच्या बंधाऱ्याला बर्गे घातले होते. लोखंडी फळ्या बसवून पाणी अडवलं की मागं नदीचं तळं होतं. हे मी दरवर्षी नववीला शिकवतो.

शेवटी ओल्या रबरी कपड्यांत, तिघं एम-एटीवर बसून मळ्यात गेलो. हलगीवाल्यानं इमानदारीत हलगी वाजवली. मी चिडून विचारलं, एवढ्या लवकर बर्गे घालायला सांगितलं कुणी?

सासऱ्यांनी टोपी सारखी केली. “तुमीच की. दसऱ्याला अर्ज कशाचा लिवला हुता?”

मग माझ्या ओल्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “शाबास, जावईबापू. काय अर्ज लिवलासा! नदी जाग्याव थांबली.”

अकरा वर्षांनी मिळालेली शाबासकी. घेतली मी.