मथूकाकीच्या टाकीचं विरजण

पालघरच्या औषधवाल्याने एकदा भर दुकानात मला विचारलं, "बाई, घरात माणसं किती?"

"दोघी. मी आणि काकी."

"आणि दोघींना पंधरा दिवसांत अर्धा किलो जुलाबाचं मीठ?"

दुकानातली सगळी गिऱ्हाइकं माझ्यापासून जरा लांब सरकली. आता ह्या माणसाला कसं सांगायचं, की ते मीठ आम्ही खात नाही, आमचे टोमॅटो खातात?

थांबा, आधी काकीबद्दल सांगते, नाहीतर सगळं उलटसुलट होईल. पालघरच्या शाळेत मला विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि शिरगावात मथूकाकीकडे मी खोली घेतली. काकी पन्नाशीची, विधवा, मूलबाळ नाही. आवाज असा, की अंगणातून "बाय गो!" अशी हाक मारली की किल्ल्यावरची कबुतरं उडायची. सासरची एवढी मोठी वाडी, नारळ, केळी, पानवेली, सगळी दिराच्या म्हणजे गोपाळभाऊंच्या ताब्यात. काकीला मिळालं राहतं घर, मागची पडवी आणि सिमेंटची एक टाकी. त्या टाकीतसुद्धा पूर्वी गोपाळभाऊंची म्हैस पाणी प्यायची!

"माती नाय दिली मला," काकी सांगायची, आणि हे सांगताना पोट धरून हसायची. "मंग मी म्हटलं, ऱ्हाऊ दे तुमची माती तुमाला. मी मातीबिगर पिकवते!"

ही अक्कल तारापूरच्या मडमेची. तिकडे मोठं बांधकाम चाललं होतं आणि तिथल्या परदेशी साहेबांच्या घरी काकी गावातून भाजी घेऊन विकायला जायची. एक मडम टोमॅटो हातात घ्यायची, हुंगायची, "शेण?" असं एवढंच विचारायची आणि परत ठेवायची. काकीचा संताप व्हायचा. शेवटी मडमेने तिला एक इंग्रजी पुस्तिका दिली. खडीत रोपं लावा, खत पाण्यात विरघळवा आणि तेच पाणी रोपांना पाजा. वाचून दाखवायचं काम अर्थातच माझं.

दसऱ्याला सुरुवात केली. आंब्याच्या जुन्या पेट्यांना आतून डांबर फासलं, खडी भरली, रोपं लावली. टाकीच्या पाण्यात सोरा, सुपर फॉस्फेट, चिमूटभर हिराकस आणि ते बदनाम जुलाबाचं मीठ. दिवसातून तीनदा काकी झारीने ते पाणी खडीवर घालायची. पेटीच्या भोकातून ते पन्हळीत पडायचं आणि पन्हळीतून परत टाकीत. पुस्तिकेत लिहिलं होतं, दर पंधरा दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करून घासावी आणि नवं पाणी करावं. काकीने ताबडतोब एकादशी धरली. त्या दिवशी रोपांना नुसतं साधं पाणी. "आज त्येंचा उपास हाय!" द्वादशीच्या सकाळी नवं खतपाणी, म्हणजे पारणं.

गावाला मात्र फक्त मिठाचा पत्ता लागला. विहिरीवर बायका म्हणायच्या, "मथू, एरंडेल घेऊन बघ गो."

"मला नाय गो, टोमॅटोला लागतं!"

"अगो बाय, टोमॅटोला पण होत नाय?"

गोपाळभाऊ तर रोज पडवीत डोकावायचे. "वयनी, आज खडीला पाणी घालता, उद्या पायरीला वरणभात वाढाल." मग एकदा म्हणाले, "संक्रांतीपर्यंत लाल टोमॅटो दाखवा. नाय तं टाकी माज्या म्हशीला."

"दावते! संक्रांतीला येच तू, आन् म्हशीला पण घेऊन ये बघायला!"

ते गेल्यावर काकी टाकीच्या कठड्यावर बसली. पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाली, "बाय, टाकी गेली तं मी काय करू गो दिवसभर?"

आणि नेमकी कार्तिकात पानं पिवळी पडायला लागली! मुळं तपकिरी, बुळबुळीत. वास तर विचारू नका. मी शाळेतून लिटमसचा कागद आणला. तो जरा लाल झाला, जरा निळा राहिला. मला काही कळलं नाही, पण मी गंभीरपणे मान डोलावली आणि जुलाबाचं मीठ वाढवलं. औषधवाला आता मला बघून नुसते हात जोडायचा. तीन रोपं मेली.

पाणी बदलायचं तेव्हा मी नेहमी शाळेत असायचे. पण मार्गशीर्षातली एक द्वादशी आली रविवारी. उठून पडवीत जाते तर काय! काकीने टाकी उपसलीय, पण तळाचं बादलीभर जुनं पाणी बाजूला फडक्याखाली झाकून ठेवलंय. टाकी घासली नाही. नवं पाणी भरलं, क्षार घातले, आणि मग ते जुनं पाणी त्यात ओतून चक्क रवीने घुसळायला लागली.

"काकी! हे काय?"

"विरजण."

"कसलं विरजण?"

"मास्तरीण हाय तू, आन् दही कसं लागतं म्हाइत नाय? जुनं थोडं घातल्याबिगर नवं लागंल कसं? आन् टाकीची साय पण नाय खरवडली मी. दसऱ्यापासूनची हाय!"

हे सगळं ती इतक्या अभिमानाने सांगत होती! दर पंधरा दिवसांनी आम्ही ती सड वाजतगाजत नव्या पाण्यात नेऊन सोडत होतो, वर मुहूर्त बघून!

"अगं, पुस्तिकेत 'पूर्ण रिकामी' लिहिलंय!"

"मडमेकडे रिकामं चालत असंल. आमच्यात भांडं कोरडं करत नाय. पिठाच्या डब्यात मूठभर ऱ्हातं, तेलाच्या बरणीत तळाला ऱ्हातं. पार रिकामं झालं म्हंजे त्या घरात कोन नाय ऱ्हायलं."

ह्यावर पुस्तिकेत काही नव्हतं. मग म्हटलं, "काकी, दही नासलं तर त्याचं विरजण लावशील?"

काकीची रवी थांबली. तिने खाली वाकून वास घेतला. पुन्हा घेतला.

"नासकं विरजण कोन लावतं गो?" ती उठलीच. "आन ती नारळाची शेंडी! आन् चुना पण आन!"

संध्याकाळपर्यंत आम्ही टाकी घासली, खडीसुद्धा धुतली, कुजलेली मुळं कापली. पण शेवटचं बादलीभर पाणी काकी काही फेकून देईना. कुंपणापलीकडे गोपाळभाऊंची एक मरतुकडी केळ होती, तिच्या मुळाशी ओतलं. म्हणाली, "टाकलं नाय, दिलं. म्हंजे रिकामं नाय झालं." मग दर वेळी तसंच. त्या केळीने पुढे असा घड धरला, की गोपाळभाऊ गावभर सांगत फिरले, आपला हातगुण लागतो म्हणून!

संक्रांतीला ते खरोखर म्हैस घेऊन आले. चार रोपं जगली होती, त्यांच्यावर सात लाल टोमॅटो. भाऊंनी एक खाल्ला, तोंड वाकडं केलं. "पाणचट हाय." दुसरा खाल्ला. "पाणचटच." तिसऱ्याला हात घातला तशी काकी ओरडली, "म्हशीला पण इचार की, तिला कसा लागतो!" भाऊ म्हैस ओढत परत गेले. म्हैस मात्र वळून वळून टाकीकडे बघत होती. उरलेले पाच आम्ही पुसून मडमेला नेले. तिने हुंगले आणि तिथल्या तिथे एक कचकन चावला. काकी वसाहतीच्या फाटकापर्यंत हसत होती.

दोन वर्षांनी मला मनोरच्या शाळेत नोकरी मिळाली. निघताना काकीने बुचाची एक बाटली हातात दिली. आत पिवळसर पाणी.

"काकी, हे काय?"

"विरजण. ताजं हाय, कालच्या टाकीतलं."

"अगं, पण पुस्तिकेत..."

"पुस्तिका ठेव बाजूला. नव्या घरात रिकामं भांडं घेऊन जाऊ नको, बाय."

मनोरला मी एकटीच राहते. ती बाटली माझ्या खिडकीत आहे. पाणी हिरवंगार झालंय. विज्ञानाची शिक्षिका म्हणून दर एकादशीला ठरवते, आज ओतून टाकायचं. अजून ओतलेलं नाही. काल मात्र आंब्याच्या दोन पेट्या आणल्या, डांबर आणलं आणि औषधाच्या दुकानात जाऊन जुलाबाचं मीठ मागितलं, अर्धा किलो.

मनोरचा औषधवाला चष्म्यावरून बघत म्हणाला, "घरात माणसं किती, बाई?"

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "दोघी."