पातूरच्या रोग्याची हकीकत

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तुम्हालाच का सांगतो आहे — तेही मला नीट कळत नाही.

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. त्याचा ताठा होता, अजून आहे. अमरावतीत नवी डॉक्टरी शाळा निघाली, पण मुलं येईनात. परमुलखातल्या लढाईनं कापसाला सोन्याचा भाव आलेला; गठ्ठे बांधणारा हमालही खुशीत — मढी फाडायला कोण शिकणार? म्हणून शाळेनं मासिक काढलं आणि माझ्या हाती दिलं. शिळाछापाचं — मजकूर दगडावर उतरवायचा, त्यावरून कागद छापायचे. गावोगावच्या पाटलांकडे फुकट जायचं, चावडीवर मोठ्यानं वाचलं जायचं. माझं वाक्य, आणि अख्खं गाव ऐकतंय — केवढी धुंदी होती त्यात!

पातूरचा एक माळी मुतखड्यासाठी आला. एकटाच, मळ्याचं पाणी सोडून बायको येणार कशी? डॉक्टरसाहेबांनी खडा काढला, सुपारीएवढा. माळी शुद्धीवर आला, हसलासुद्धा. मी लगेच लिहून टाकलं — रोगी खडखडीत बरा होऊन घरी गेला. पान दगडावर चढलं. चौथ्या दिवशी तो तापानं गेला.

दगड घासून दुसरं लिहिता आलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम. मी केलं नाही. त्याच्या घरी कळवणंही माझ्याकडेच होतं — तेही केलं नाही. कुणी विचारायला येईना, तेव्हा शाळेनं त्याचं मढं मुलांना शिकायला ठेवून घेतलं.

अंक गेला. पंधरा दिवसांनी त्याची बायको दारात. हातात नवी पायतणं, त्याच्यासाठी.

"पाटलानं वाचून दाखोलं, मास्तर. घरी तं आलेच नाई ते. कुठी हायेत?"

मी म्हणालो, "बरा होऊन गेला. अकोल्याला जातो म्हणत होता, कापसाच्या कामावर."

ती हसली. "पाहा! बायको सोडून पहिले बाजारच पाहाले गेले. अशेच हायेत ते." पायतणं काखोटीला मारून निघाली.

शाळा बुडेल अशी भीती वाटली, म्हणू? शाळा तर वर्षभरातच बंद पडली. नाही — माझं छापलेलं वाक्य खोटं ठरू नये, एवढंच होतं.

तीन वर्षांनी अकोल्याच्या बाजारात ती दिसली. भाव कोसळले होते, गाड्या तुरळक. ती सांडलेला कापूस वेचत होती. मळा गेलेला. कपाळावर ठसठशीत कुंकू. मला पाहून धावत आली. आता तरी सांगायचं — नाही का? जीभ उचलली होती, खरंच.

"मास्तर, बरं झालं तुमी भेटले. निघाले तवा अंगावर काय होतं त्यायच्या? त्यायले शोधाले गेली का लोक इचारतात, मले सांगताच येत नाई."

"पांढरी बंडी," मी म्हणालो. "लाल पागोटं."