तपासून तपासून

लॅबमध्ये तिला सगळे 'पुन्हाताई' म्हणत. रक्ताच्या नळीवर लेबल लावलं की ती रजिस्टरशी ताडून बघायची, आणि नळी स्टँडमध्ये ठेवता ठेवता पुटपुटायची, "पुन्हा एकदा बघते." एकोणीस वर्षांत तिच्या हातून एकही नळी बदलली नव्हती. लॅब चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम नव्या मुलींना सांगत, "काम शिकायचं तर हिच्याकडून."

घरी सासरे अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले, मुलगी बारावीला, नवरा बस दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये. पहाटे उठून सासऱ्यांचं आवरायचं, स्वयंपाक, डबे, मग आठची बस. कामाला तिची कधी ना नव्हती. दमवायचं ते डोकं. गॅस बंद केला का? बाबांना रक्तदाबाची गोळी दिली, की दोनदा दिली? मुलगी काल जेवताना गप्प का होती? कितीतरी वेळा ती बसस्टॉपवरून माघारी यायची, तीन जिने चढून शेगडीचं बटण बघायची.

"बंद आहे गं," सासरे पलंगावरून म्हणायचे. "माझे पाय गेलेत, डोळे नाहीत."

ती कसनुसं हसायची आणि तरीही बटणाला हात लावून बघायची.

एका मंगळवारी मुलीची सराव परीक्षा होती, आणि सासऱ्यांना सकाळपासून कणकण होती. लॅबमध्ये गर्दी. ओल्या हातामुळे एका लेबलावरची शाई फुटल्यासारखी तिला वाटली. तिने ते काढलं. शेजारच्या नळीवरचं अक्षरही नीट लागेना, म्हणून तेही काढलं. दोन्ही नव्याने लिहिली, रजिस्टरशी तीनदा ताडली, चिकटवली आणि पुढच्या कामाला लागली.

दुपारी मॅडमनी तिला आत बोलावलं.

"या आजोबांचा मागचा रिपोर्ट बघ. महिन्याभरात साखर निम्मी होते का कुणाची?"

तिने कागद पाहिला. मग नळ्यांवरची लेबलं पाहिली, सकाळी तिने नव्याने लिहिलेली तीच दोन.

"लेबलांची अदलाबदल मी केली," ती म्हणाली. "चांगली लावलेली होती. मीच काढून परत लावली."

मॅडमनी रिपोर्ट ड्रॉवरमध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "रिपोर्ट अजून बाहेर गेलेला नाही. दोघांना फोन कर आणि परत बोलाव. काय झालं ते सरळ सांग."

आजोबा निवृत्त मुख्याध्यापक होते. "येतो उद्या," म्हणाले, "तेवढंच फिरणं होईल." दुसरी होती एक तरुण बाई, सुई बघितली की डोळे मिटणारी. तिने मात्र ऐकून घेतलं नाही. "तुमच्या चुकीपायी मी परत रजा काढायची? आणि कळलंच नसतं तर? त्या आजोबांच्या गोळ्या मला सुरू झाल्या असत्या." ती खरं तेच बोलत होती. पुन्हाताई रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली आणि शेवटपर्यंत ऐकत राहिली. "चुकलं माझं," एवढंच तिला म्हणता आलं.

ज्या गोष्टीच्या धास्तीने ती एकोणीस वर्षं झिजली, ती होऊन गेली होती. रडू येईल असं तिला वाटलं होतं. नुसता थकवा आला.

संध्याकाळी नवऱ्याने विचारलं, "बरं नाही का?" एरवी ती "काही नाही" म्हणून भाजी चिरायला बसली असती. त्या दिवशी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून तिने नळ्यांचं सांगितलं. मग गॅसचं, जिन्यांचं, गोळ्यांचं, मुलीच्या गप्प बसण्याचं. सांगता सांगता तिचीच तिला लाज वाटायला लागली.

"हे सगळं रोज चालतं डोक्यात?" त्याने विचारलं.

"रोज."

"मला वाटायचं तुझा स्वभावच आहे तसा." ग्रीसने काळी झालेली नखं तो बघत राहिला. "बाबांच्या गोळ्या आजपासून माझ्याकडे. सकाळच्याही, संध्याकाळच्याही. पण तू मागून येऊन मोजायच्या नाहीत."

"तुम्हाला पांढरी कुठली, अर्धी कुठली..."

"बसचं अख्खं इंजिन खोलून बसवतो मी."

तो आत गेला. स्टुलावर बसल्या बसल्या तिला गोळ्यांच्या पाकिटाचा कुरकुर आवाज ऐकू आला. मग सासऱ्यांचं, "पाणी जास्त दे रे." दोनदा ती उठली आणि दोनदा बसली.

बुधवारी तिने पाकीट गुपचूप मोजलं. गुरुवारीही. पुढल्या आठवड्यात मॅडमनी एका मानसोपचाराच्या डॉक्टरांचा नंबर दिला, तिने तो पर्समध्ये ठेवला आणि फोन करायला महिना लावला. त्या डॉक्टरांकडे ती आता पंधरा दिवसांतून एकदा जाते. सासऱ्यांच्या गोळ्या नवराच देतो. लेबल ती एकदाच ताडते, आणि मग हात मागे घेऊन टेबलापासून थोडी दूर उभी राहते. नव्या मुलींना वाटतं, ताईंची पाठ दुखतेय.