मातालोबेची टाकी

कतारमधल्या रुवैसला उम्म खलीलच्या घरी रुकैया कामाला लागली तेव्हा एक्क्याऐंशी साल चालू होतं. मासळी साफ करायची, पोरांना आंघोळी घालायच्या, कपडे, भांडी, आणि दर शुक्रवारी नमाजाच्या आधी सगळं अंगण रबरी नळीनं धुऊन काढायचं. बाकी कामं ती मुकाट उरकायची. अंगण धुताना मात्र तिचा हात चालत नसे. गोडं पाणी वाळूत जिरताना तिला बघवायचं नाही. मालकीण ओट्यावरून ओरडायची, "यल्ला, रुकैया! सोड की पाणी!"

ती इंडोनेशियातली. तिचं बेट मातालोबे सुलावेसी या मोठ्या बेटाच्या टोकापासून बोटीनं दीड दिवसावर. बांबूच्या खांबांवर उभी राहिलेली, झावळ्यांनी शाकारलेली घरं, नारळाची झाडं, दोऱ्यांवर सुकणारी मासळी. आणि दोन विहिरी, दोन्हींचं पाणी मचूळ. पिण्याचं पाणी आणायला बायका होडीनं समोरच्या बेटावर जायच्या. रुकैयाची धाकटी बहीण अशीच पाण्याला गेली आणि वारा फिरला. होडी सापडली, भरलेले डबेही सापडले. त्यानंतर वर्षभरात रुकैयाचा नवरा लाकूडतोडीला बोर्निओच्या जंगलात गेला, तो गेलाच. मुलगी नूर्माला आईजवळ ठेवून ती कतारला आली.

तीन वर्षं अशीच गेली. मग उम्म खलीलच्या परसातली जमिनीखालची टाकी गळायला लागली आणि ती दुरुस्त करायला केरबा गवंडी आला. बीडकडचा माणूस. बंदराजवळच्या पत्र्याच्या खोलीत आणखी पाचसहा जणांबरोबर राहायचा. रुकैयाला बाजारातली हिंदी येत होती, त्यात अरबी मिसळून तिचं काम भागायचं. दुपारी मालकीण झोपली की ती टाकीच्या तोंडाशी येऊन बसायची.

"गळते कुठून?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं.

"कोपऱ्यातनं," केरबा आतून म्हणाला. "काटकोन ठेवला की तिथंच चीर पडती. कोपरा गोल पाहिजे, तव्याच्या कडेसारखा."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "पावसाचं पाणी अशा टाकीत टिकेल? वर्षभर?"

"अंधार ठेवला तर टिकंल की. आमच्याकडं बहात्तरच्या दुष्काळात टाकी असती तर..." त्यानं वाक्य अर्धवटच सोडलं आणि वर बघितलं. "कुठं बांधायचीय?"

तिनं सांगितलं. केरबानं थापी तिच्यापुढं धरली. "बगून येत नसतं बाई हे. उतरा आत."

गिलावा अंगावर पडायचा, खांदे भरून यायचे. गिलावा ओला असतानाच वर सिमेंटची पूड मारून तो घोटायचा, भिंत काचेसारखी गुळगुळीत व्हायला हवी. रुकैयाला ते जमायला लागलं तेव्हा केरबानं सहज विचारलं, "तुमच्याकडं वाळू कसली?"

"समुद्राची."

केरबानं थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "मग अवघड हाय. वाळूतलं मीठ गोड्या पाण्यानं धुतल्याबिगर काम टिकत नाही. कालवायला गोडं पाणी, वर रोज मारायलाही गोडंच."

"पाणी असतं तर टाकी कशाला बांधली असती?"

केरबाला हसू आलं. तिला आलं नाही. निघताना तो दारात थांबला. "पावसात बांधा. वाळू पावसातच धुवून घ्या."

"पावसाळ्यात आमच्याकडं बोट येत नाही."

"मग सिमेंट आधी न्या. कोरड्या जागी ठिवा. आणि तिथंच अडकून पडायची तयारी ठिवा."

पंच्याऐंशीच्या शेवटी उम्म खलीलनं रजा दिली. "परत येशील ना?" तिनं विचारलं. रुकैया म्हणाली, "इन्शाल्ला."

तिकडं पावसाळा डिसेंबरात लागतो. त्याआधीच्या शेवटच्या बोटीनं रुकैया सिमेंट घेऊन मातालोबेला उतरली. किनाऱ्यावर पोती उचलायला तरणा माणूस मिळेना. कोणी जंगलात गेलेला, कोणी मोठ्या शहराच्या बंदरावर हमालीला. झावळ्या गळून गेलेल्या घरांचे नुसतेच खांब उभे होते. पत्र्याचं छप्पर अख्ख्या बेटावर एकच, शाळेचं. पाणी गोळा करायला तेच चालणार होतं.

गावचा मुखिया म्हणाला, "कशाला एवढी मेहनत? सरकार आपल्याला मोठ्या बेटावर जागा देणार आहे म्हणतात."

"कधीपासून म्हणतात?"

मुखियानं विडी पेटवली.

टाकी बायकांनीच बांधली, बहुतेक म्हाताऱ्याच होत्या. पोवळ्याचे दगड किनाऱ्यावरून वाहून आणले. वाळू चटयांवर पसरून पावसात ठेवली आणि जिभेला खारट लागेनाशी होईपर्यंत उलथत राहिल्या. आतला गिलावा रुकैयानं एकटीनं केला. कोपरे तिनं हातानंच गोल केले, बोटांची सालं निघाली. संध्याकाळी तिला भाताचा घास तोंडापर्यंत न्यायचंही बळ राहायचं नाही. आई भरवायची आणि पुटपुटायची, "परदेशात जाऊन गवंडीकाम शिकून आली."

पाऊस पत्र्यावरून पन्हाळीत आणि पन्हाळीतून टाकीत पडत राहिला. टाकी भरली. पाऊस उघडून भिंत वाळली की रुकैया बाहेरून चारही कोपरे चाचपून बघायची. हाताला ओल लागली नाही. पहिला पेला तिनं आईला दिला. म्हातारीनं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याला चवच नाही गं!" सगळ्या बायका हसल्या. त्या साली मातालोबेवर लोक एवढे हसले ते तेवढंच.

समुद्र निवला, पहिली बोट आली. जावा बेटावरून आलेला शाळेचा मास्तर पेटी घेऊन किनाऱ्यावर उभाच होता. त्याची बदली झाली होती आणि जागेवर दुसरा कोणी येणार नव्हता. मूठभर पोरांसाठी कोण येतो? चार कुटुंबंही त्याच बोटीनं निघाली. दीड दिवसाचा प्रवास, म्हणून जाणाऱ्यांनी आपापले डबे रुकैयाच्या टाकीवरच भरून घेतले. "फार उपकार झाले तुझे," त्यातली एक बाई म्हणाली. रुकैया तोटी धरून उभी होती, एकेक डबा भरून देत होती.

शेवटचा डबा नूर्मानं पुढं केला.

"तू कुठं?"

"मोठ्या मावशीकडं, शहरात. उजुंग पांडांगला. इथं चौथीच्या पुढं काय आहे?"

"आता पाणी आहे ना इथं," रुकैया म्हणाली. बोलतानाच तिला स्वतःचा आवाज पोकळ वाटला.

"आई, मी काय पाण्यासाठी थोडीच चाललेय?" पोरगी अगदी समजुतीनं बोलली. रुकैयानं डबा भरून दिला.

पुढच्या बोटीनं रुकैयाही कतारला निघाली. म्हातारीनं जायला साफ नकार दिला.

रुवैसला परतल्यावर काही दिवसांनी तिला मासळीबाजारात केरबा भेटला. दाढी पांढरी झालेली, डोळे सिमेंटनं लाल. त्यानं हातातली पिशवी खाली ठेवली. "झाली का टाकी?"

"झाली."

"मग? गाव खूश?"

रुकैयानं सगळं सांगितलं. सांगताना ती रडली नाही, नुसती थकल्यासारखी भिंतीला टेकली. केरबानं पिशवी परत उचलली.

"माजी दोन्ही पोरं पुण्याला गेली," तो म्हणाला. "विहिरीला पाणी लागल्यावर गेली. मला कोणी विचारलं बी नाही."

"आता तिथं म्हातारी माणसंच आहेत," रुकैया म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ आंघोळ करतात. आई म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा केस मऊ लागतायत."

"मग झालं की बाई."

"झालं," ती म्हणाली. मासे उम्म खलीलच्या घरी पोचायला उशीर होत होता.

रुकैया पंच्याण्णवपर्यंत रुवैसला राबली. नूर्मा परिचारिकेचं शिकली, तिच्या शिक्षणाचा भार सगळा रुकैयावरच होता. मग तिनं कतार सोडलं. ती मातालोबेला परतली नाही, लेकीजवळ उजुंग पांडांगला राहिली. बंदरामागच्या गल्लीत एक खोली, खाली सतत वाहनांचा आवाज. म्हातारी आई बेटावरच होती. बकरी ईदला रुकैया बोटीनं तिच्याकडं जायची. दोघी टाकीची पन्हाळ साफ करायच्या, सुकलेली पानं काढायच्या, आणि चार दिवसांनी रुकैया परत बोटीत बसायची.