थाळीवरून हजेरी

उद्या कोण शाळेत येणार नाही हे आजच सांगू शकणारं अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच माणूस आहे, आणि ती माझी मामी आहे. तलमडुगूकडच्या आमच्या शाळेत ती दुपारचं जेवण रांधते, मी गणित शिकवतो. माझ्याजवळ हजेरीपट आहे, तिच्याजवळ थाळ्या. पोरगं भात चिवडतं का, अंडं आधी खातं की शेवटी, रांगेत भांडतं की मुकाट उभं राहतं, एवढ्यावरून ती निदान करते आणि भांडी विसळता विसळता मला सांगते, "सर, उद्या तुमच्या वर्गात दोन कमी हाय." दुसऱ्या दिवशी बरोब्बर दोन कमी. फाटकाच्या आत मी तिचा 'सर' आणि 'तुमी', बाहेर पाऊल पडलं की 'काऊन रे', म्हणजे 'का रे'. हा नियम तिचा तिनेच केलेला आहे आणि तो मोडलेला मी फक्त दोनदा पाहिला.

निदानाहून उपचार अजब. "काय झालं?" असं ती कुठल्याही पोराला विचारत नाही, काम सांगते. सातवीतल्या जुळ्या बहिणी एकदा दोन टोकांना जेवायला बसल्या, तर हिने दोघींना भाताचं मोठं पातेलं एकेका कानाला धरून नळापर्यंत न्यायला लावलं. परत येताना दोघी खिदळत होत्या. स्वतः मात्र हेडमास्तरांवर रुसली की आठ आठ दिवस त्यांना सांगायचं ते त्याच पातेल्याला सांगते. मी जिल्ह्याच्या गावी 'भावनिक बुद्धिमत्ता आणि मुलांची नियमित उपस्थिती' या विषयाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलो आणि तिथली फाइल मोठ्या तोऱ्यात तिला दाखवली. तिने ती उलटून पालटून पाहिली, पुठ्ठा चांगला आहे म्हणाली आणि चुलीला वारा घालायला ठेवून घेतली.

त्याच सुमारास सहावीतली वैष्णवी यायची बंद झाली. तेलंगणातल्या आमच्या गावात पाचवीपर्यंत मराठी शाळा, सहावीपासून सगळं तेलुगूत. कापूस फुटला होता, म्हणून मी गैरहजेरीचं कारण 'वेचणी' असं लिहून मोकळा झालो. मामी थेट वर्गात आली आणि चक्क 'सर' म्हणाली नाही.

"वेचणीले जाणारं पोट्टं सांगून जाते रे. हे पोट्टी तीन दिवस भिंतीकडे तोंड करून जेवली. तिच्यावर कोण हसलं ते आठव."

आठवलं. गणिताचं एक उदाहरण मी तिला मोठ्याने वाचायला लावलं होतं. तेलुगू वाचताना ती अडखळली, वर्ग हसला, आणि खोटं कशाला बोलू, मीही हसलो होतो. लाज वाटली. घरी जाऊन समजूत काढतो म्हटलं, तर मामीने मलाच अडवलं. तिकडे, पोरगीच नको म्हणते तर शाळा सोडवून शेतात घेऊ, इथवर तिच्या आईबापाचं ठरत आलं होतं.

पुढचं मला वैष्णवीच्या आईकडून कळलं. मामी शेतात गेली, पोरीच्या शेजारच्या ओळीत तासभर कापूस वेचला आणि वर्गात ये असं एकदाही म्हणाली नाही. एवढंच सांगितलं, की रोजच्या जेवणाचा फळा तेलुगूत असतो, आपल्याला धड वाचता येत नाही, सांबाराच्या दिवशी खिचडी शिजली तर आपलं काम जाईल, कुणीतरी शेजारी उभं राहायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी वैष्णवी हजर. फक्त फळ्यासाठी आले, असं तिने माझ्याकडे न बघता सांगितलं. मामी सगळ्या शाळेसमोर फळा वाचायची, तो असा अडखळत की पोरं पोट धरून हसायची, आणि त्यांच्याहून मोठ्याने मामी हसायची. वैष्णवी तिला सुधारून द्यायची. मी वर्गासमोर तिची माफी मागितली. ऐन वेचणीत तिचा एक दिवस चुकला नाही, आणि संक्रांतीपर्यंत गणिताचं उदाहरणही ती घडाघडा वाचू लागली.

मग एका रविवारी मामीकडे गेलो. मामाची नजर अधू, म्हणून मामी त्याला ओसरीवर पेपर वाचून दाखवत होती. तेलुगू पेपर, आणि कुठेही न अडखळता. मी दारातच उभा राहिलो. तिने शांतपणे पेपराची घडी घातली.

"पोट्टीले सांगू नको," म्हणाली.

वैष्णवी आता आठवीत आहे. मामीचे गुडघे धरतात, या उन्हाळ्यात ती काम सोडणार. परवा मी वैष्णवीला विचारलं, आजीने (पोरं मामीला आजीच म्हणतात) काम सोडल्यावर फळा वाचताना कुणाला सुधारशील?

"सर, आजीले तेलुगू येते. मले सहावीतच समजलं होतं. पण तिले सांगू नका बरं, तिले वाईट वाटन."

मी दोघींनाही काही सांगितलेलं नाही. काल दुपारी पोरांच्या पंगतीत जेवायला बसलो होतो. जूनमध्ये या चुलीपाशी दुसरंच कुणी असेल, हे मनातून जाईना. इतक्यात मामी समोर येऊन उभी राहिली, भर शाळेत, फाटकाच्या चांगली आत.

"काऊन रे, भात काऊन चिवडून राह्यला?"

उत्तराची वाट तिने पाहिली नाही.

"ऊठ," ती म्हणाली, "पातेल्याचा एक कान धर."