गुरुजींचा आवाज आणि दोन माइक

"गुरुजी, जरा जवळ या ना."

"अजून किती जवळ येऊ? शिट्टी मारन ना तो!"

पंधरा मिनिटांत हे चौथ्यांदा झालं होतं. वाघमारे गुरुजी माइकपासून हातभर लांब, छाती पुढे काढून उभे होते आणि शेवटच्या बाकावरच्या पोराला सांगावं तसे बोलत होते. पंखा बंद होता. भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकलेल्या, दार बंद, त्यात आदिलाबादचं मार्च महिन्याचं ऊन. मला घामानं समोरचं दिसत नव्हतं आणि डोकं कधीच उठलं होतं.

शिट्टीची भीती मला नवी नव्हती. आमच्याकडे माणसाची आणि माइकची पहिली ओळख मंडपात होते. तिथे कर्णे लावलेले असतात. माइकजवळ तोंड नेलं की बोलणाऱ्याचा आवाज वाढतो, मग माइकवाला घाईत बटण फिरवतो आणि कर्णा किंचाळतो. मग चार म्हातारे ओरडतात, "अरे, दूर हो, दूर हो!" एकदा असा अपमान झाला की माणूस जन्मभर माइकपासून लांब उभा राहतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत कर्णा नसतो, इथे शिट्टी होत नाही, हे मी आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल! सगळे मान डोलावतात आणि लांबच उभे राहतात.

पण गुरुजींच्या बाबतीत हा नुसता वैताग नव्हता. त्यांच्याकडे आवाज मोजकाच उरला होता.

गुरुजी तामसीकडच्या एका गावात मराठी शाळेवर मास्तर होते. शाळेबाहेर त्यांचं दुसरं काम म्हणजे लग्नं लावणं. आसपासच्या गावांतल्या बौद्ध कुटुंबांत लग्न ठरलं की तारीख आधी गुरुजींना विचारली जायची. त्रिसरण, पंचशील, मग वराची प्रतिज्ञा, वधूची प्रतिज्ञा, शेवटी आशीर्वाद. गुरुजी एकेक ओळ म्हणणार, नवरानवरी ती मागून म्हणणार. एखादी नवरी लाजली, अडखळली, तर गुरुजी थांबायचे. ओळ पुरी झाल्याशिवाय पुढे जायचे नाहीत, मग मंडपात कोणी कितीही घाई करो.

आता त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. हैदराबादच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं होतं. ऑपरेशननंतर बोलणं बंद. आणि वैशाखात त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, सुजाताचं, लग्न होतं. लग्न पुढे ढकलायला गुरुजी तयार नव्हते, ऑपरेशन पुढे ढकलायला डॉक्टर तयार नव्हते. "दुनियेच्या पोरींचे लग्न म्या लावले," ते मला म्हणाले, "माह्या पोरीचं दुसऱ्यानं काऊन लावावं?" म्हणून ते सुजाताला घेऊन आमच्या दुकानात आले होते. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं बापलेक हैदराबादला निघणार होते. म्हणजे जे काय व्हायचं ते आज, या खोलीत.

दुकान म्हणजे कॅसेटचं. पुढे विक्री, मागे ही खोली. मी तिथे रेकॉर्डिंग करायचो. खताच्या दुकानाची जाहिरात, सिनेमा टॉकीजची दवंडी, निवडणुकीत तीन भाषांतला प्रचार, असलं काम. दुकानाचे मालक शेठ हैदराबादहून नुकताच एक कंडेन्सर माइक घेऊन आले होते. त्याआधी आमच्याकडे एकच डायनॅमिक माइक होता, जाळीला पोचा आलेला.

दोघांतला फरक साध्या भाषेत सांगतो. डायनॅमिक माइकमध्ये एक पडदा असतो, त्याला तारेचं छोटं वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते लोहचुंबकाच्या आत हलतं. तुमच्या आवाजाच्या जोरावर ते हलणार, त्यामुळे याला जवळून आणि ठसठशीत बोलणारा माणूस लागतो. लांबचं त्याला फारसं ऐकू येत नाही. पडला, आपटला तरी चालतो. कंडेन्सरचा पडदा कागदाहून पातळ. त्याला चालायला वेगळी वीज द्यावी लागते. पण कान विलक्षण तिखट. कुजबुज ऐकतो, श्वास ऐकतो, आणि तुम्हाला नको ते सगळं ऐकतो.

गुरुजींचा आवाज अगदी बारीक झालेला. मी म्हटलं, कंडेन्सरच हवा. शेठही दारातून डोकावून म्हणाले, "नया वाला लगाओ, आखिर किस दिन के लिए लाया?" नवीन माइक वापरायची मलाही हौस होतीच, खोटं कशाला बोलू.

आणखी एक अडचण होती. ओळ म्हटल्यावर नवरानवरीला ती मागून म्हणायला वेळ सोडायला हवा. पण रिकाम्या खोलीत गुरुजींना तो अंदाज येईना. समोर म्हणणारं कोणी नाही म्हटल्यावर ते ओळीला ओळ जोडत सुटायचे. शेवटी सुजाताला माइकच्या मागे बसवलं. गुरुजी ओळ म्हणायचे, ती हळू आवाजात मागून म्हणायची, मग ते पुढची घ्यायचे. आता गुरुजींची लय बरोबर लागली. हातभर अंतरावरून का होईना, सगळा विधी शेवटपर्यंत झाला. मी टेपचा स्पूल मागे फिरवला आणि हेडफोन गुरुजींच्या कानाला लावला.

त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"हे घरघर कोन करून राह्यलं?"

मी स्पूल थांबवला. सुजाता खाली बघत होती.

"मी हाय का हा?" गुरुजींनीच विचारलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "अशी फाटकी कॅसेट लावून पोरीचं लग्न नाई लावाचं मले. लोक आशीर्वाद आयकतीन का माह्या गळ्याची घरघर?"

कंडेन्सरनं आपलं काम चोख केलं होतं. गुरुजींच्या गळ्यातली प्रत्येक खरखर टेपवर होती. त्यांच्या ओळींमध्ये सुजाताचा आवाज स्पष्ट येत होता. रस्त्यावर कापसाच्या गाडीच्या बैलांनी मान हलवली ती घंटीसुद्धा होती. एवढ्या गाद्या ठोकून घंटी आत आली याचं मला कौतुक वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ज्या माणसानं दिवसभरात जपून पंधरावीस मिनिटं बोलायचं, त्याची वीस मिनिटं मी नव्या माइकच्या हौसेपायी घालवली होती.

"दुसऱ्या माइकवर घेऊ," मी म्हणालो. "आवाज भरदार येईल. पण गुरुजी, याच्याजवळ यावंच लागेल. चार बोटं. तोंड आणि जाळी यांच्यात चार बोटं, बस."

सुजातानं मध्येच विचारलं, "दादा, बाबाले झेपन का आता?"

"झेपते," गुरुजीच म्हणाले. "लाव."

तिनं थर्मासमधून कोमट पाणी दिलं. मी जुना माइक लावला आणि गुरुजींचा खांदा धरून त्यांना खुर्चीत बसवलं. उभं राहिलं की ते शाळेत गेल्यासारखे बोलायचे, म्हणून. माइकच्या पोच्यापासून चार बोटांवर आणले. शिट्टी होत नाही हे बघितल्यावर ते थोडे सैल झाले.

आणि काय आवाज आला! जवळून बोललं की डायनॅमिक माइक आवाजाचा तळ वाढवतो, बारीकसारीक खरखर झाकून टाकतो. माझ्या कानात दहा वर्षांपूर्वीचे वाघमारे गुरुजी बोलत होते. मागे बसलेली सुजाता जवळजवळ ऐकूच येत नव्हती. त्रिसरण झालं. पंचशील झालं. वराची प्रतिज्ञा झाली. मी मनातल्या मनात शेठला आणि त्यांच्या नव्या माइकला चार शिव्या दिल्या.

वधूची प्रतिज्ञा सुरू करायला गुरुजींनी तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

पाणी दिलं. ज्येष्ठमध दिला. अर्धा तास थांबलो. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवा. तिसऱ्यांदा सुजातानंच त्यांच्या तोंडावर हात ठेवला. "बस्स करा बाबा. राहू द्या."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी उगाच वायरी गुंडाळत बसलो. त्या दिवशी आधी जुनाच माइक लावला असता तर सगळा विधी नीट झाला असता. एवढा साधा हिशेब मला, दहा वर्षं हेच काम करणाऱ्याला, कळू नये?

बापलेक गेले. माझ्याकडे एका माइकवरचा अर्धा विधी उरला आणि दुसऱ्या माइकवरचा, घरघरीसकटचा, पूर्ण विधी. वाट एकच होती. पहिला अर्धा भाग डायनॅमिकचा घ्यायचा, वधूच्या प्रतिज्ञेपासून पुढचा कंडेन्सरचा. सांधा मारायचा.

तेव्हा टेप ब्लेडनं कापून चिकटपट्टीनं जोडायची पद्धत होती. कंडेन्सरच्या भागात दर दोन ओळींमध्ये सुजाताचा आवाज होता, तो मी एकेक करून कापून काढला. तिथे तेवढ्याच लांबीचा, खोलीच्या शांततेचा तुकडा जोडला. कोरी टेप चालत नाही, कारण अगदी कोरी शांतता कानाला भोकासारखी वाटते. प्रत्येक तुकडा सेकंदकाट्यावर मोजला. ओळ म्हणायला लागतील तेवढे सेकंद, वर दोन सेकंद लाजण्याचे. खरखर कमी करायला आवाजाची धार बोथट केली. तीन दिवस गेले.

शेठ वैतागले. "अरे भाई, एक कॅसेट के पीछे तीन दिन?"

"गुरुजी का काम है, शेठ."

"काम तो सबका है. किसको पता चलेगा तेरा जोड?"

मला कळणार होतं. सांधा येतो तिथे भरदार आवाज एकदम बारीक व्हायचा, माणूस मधेच खोलीबाहेर गेल्यासारखा. मी तो दोनशे वेळा ऐकला असेन आणि दरवेळी तोंड कडू झालं.

वैशाखात लग्नाला मी स्वतः, स्पूलवरून उतरवलेली कॅसेट घेऊन गेलो. मंडपातला टेप आणि अॅम्प्लिफायर व्यासपीठाच्या कडेला होता, त्याच्याजवळ ठाण मांडून बसलो. गुरुजी पहिल्या रांगेत होते. गळ्याला पांढरा रुमाल, अंग निम्मं झालेलं. मला बघून हात जोडले. सुजाता पांढऱ्या साडीत व्यासपीठावर होती.

कॅसेट सुरू झाली. दोन कर्णे, एक कडुनिंबाला आणि एक समाजमंदिरावर बांधलेला. पहिल्याच ओळीला मला कळलं की शेठ बरोबर बोलले होते. कर्ण्यातून सगळेच माइक एकसारखे ऐकू येतात, पत्र्याच्या डब्यासारखे. भरदारपणा नाही, घरघर नाही. माझा सांधा आला आणि गेला, कोणाची मानसुद्धा हलली नाही.

वधूची प्रतिज्ञा सुरू झाली. पहिली ओळ सुजातानं म्हटली. दुसऱ्या ओळीला ती अडखळली. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. माझे सेकंद संपले. टेपमधले गुरुजी तिसऱ्या ओळीवर गेले. मग चौथ्या. ती अजून दुसरीतच होती. मंडपात कुजबुज सुरू झाली. जो माणूस कोणाच्याही पोरीसाठी थांबायचा, तो स्वतःच्या पोरीला मागे टाकून पुढे चालला होता, आणि हे मी मोजून मापून केलं होतं. हात टेपवर असून मी तसाच बसून राहिलो.

गुरुजी उठले. सावकाश माझ्याजवळ आले आणि बोटानं खूण केली, मागे घे. मी कॅसेट मागे फिरवली. दुसरी ओळ पुन्हा वाजली. ती संपल्याबरोबर गुरुजींनी पॉजचं बटण दाबलं आणि मुलीकडे बघत उभे राहिले.

किती वेळ ते मी मोजलं नाही. गुरुजी नुसते मान हलवत होते, घाई नाही, सावकाश. मग सुजातानं ती ओळ म्हटली. पूर्ण. गुरुजींनी बटण सोडलं. टेपमधल्या आवाजानं तिसरी ओळ म्हटली. त्यांनी पुन्हा बटण दाबलं.

शेवटपर्यंत त्यांनी असंच केलं. मी बाजूला सरकून बसलो, माझं तिथे काही काम नव्हतं. आशीर्वाद झाला, लोकांनी फुलं टाकली, तेव्हा ते बटणावरचा हात काढून मुलीकडे गेले.

पुढे बरीच वर्षं मी हे काम केलं. माइक आले, गेले, शेठही गेले. कोणता माइक चांगला, असं लोक विचारायचे. बारीक आवाजाला कंडेन्सर, गोंगाटाच्या जागी डायनॅमिक, असं मी पाठ झालेलं सांगून टाकायचो. लग्नाची कॅसेट करायला मात्र कोणी आलं की मी आधी एवढंच विचारायचो, "पॉजच्या बटणावर कोण बसणार?"