मटणाचा ट्रे

“मटनालाच पाहिजे, पण हळू बोला की ओ,” आई दुकानदाराला म्हणाली.

मी दाराशी, डब्यांच्या उतरंडीआड उभी होते. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. माझ्या जन्माआधीपासून ती अंड्यालासुद्धा हात लावत नाही. घरातली बहुतेक भांडी तिनं कळंबच्या याच दुकानातून घेतली, त्यांवर इथंच पप्पांचं नाव घालून घेतलं, आणि आता त्याच माणसाकडं ती ओव्हनमध्ये मटण भाजायचं भांडं मागत होती.

“वैनी, तुमी?” दुकानदार हसला. “माळ उतरवली का काय?”

“मला कशाला? ह्यांना पाहिजे.”

मटण आमच्याकडं पप्पा करत. रविवारी, परसातल्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. ते पातेलं कधी उंबऱ्याच्या आत आलं नाही. आई आत भाकरी थापायची आणि दारातून बाहेर द्यायची. त्यात कुणाचा रुसवा नव्हता. पप्पा रश्श्याला दाटपणासाठी येसूर लावताना आतल्या दिशेला ओरडायचे, “वास आला का?” आणि आई आतून म्हणायची, “आला. दार लावून घ्या.”

मग पप्पांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तर्री बंद केली. धुरात बसायचं नाही, असंही सांगितलं. जाता जाता ते एक वाक्य बोलले, की चरबी काढून, भाजून, कधीमधी थोडं खाल्लं तर चालेल. पप्पांनी ते ऐकलंच नाही. “म्हणजे सुटलंच की मटन,” म्हणाले. आईनं मात्र नेमकं तेवढंच ध्यानात ठेवलं. रविवारी पप्पा थंड चुलीजवळ बाज टाकून पडून राहायचे, जेवताना भाकरी अर्धी ठेवून उठायचे. आई त्या अर्ध्या भाकरीकडं बघत बसायची.

ओव्हन माझा होता. केकच्या हौसेनं घेतलेला, आणि बरेच दिवस आईचे पापडाचे डबे सांभाळणारा. एके दिवशी आईनं डबे काढले आणि ओव्हन मागच्या पडवीत, वॉशिंग मशीनच्या प्लगपाशी नेऊन ठेवला. तेव्हाच मी समजले, यात मटण होणार. त्याच्यासोबत आलेला ट्रे मात्र तिनं आतच ठेवला. “नानकटाईचा हाय तो. बाटवायचा न्हाय.”

म्हणून हे दुकान. दुकानदारानं काचेचं भांडं दाखवलं, नॉनस्टिक दाखवलं, शेवटी केकचा अॅल्युमिनियमचा खोलगट डबा पुढं केला. “हे न्या वैनी. रस्सा सांडायचा न्हाय.”

मला बोलायचं होतं. भाजायला भांडं पसरट आणि बुटक्या काठाचं लागतं. खोलगट भांड्यात मांस आपल्याच पाण्यात शिजत बसतं. काच ओव्हनच्या वरच्या, लाल तापणाऱ्या दांडीच्या आचेखाली तडकू शकते, नॉनस्टिकला तेवढी आग सोसत नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं, पण इंग्रजीत. दुकानात तोंड उघडलं की माझं इंग्रजी शाळेतलं मराठी धड्यातल्यासारखं बाहेर पडतं. मी धने मागितले तरी लोक मला हिंदीत उत्तर देतात. मी आईचा पदर ओढला. तिला वाटलं, मला घरी जायची घाई झालीय. तिनं तोच डबा घेतला.

रविवारी पप्पांनी बाजेवर बसूनच चापांना, बरगडीच्या तुकड्यांना, आलं-लसूण, दही आणि काळं तिखट चोळलं. “कपाटात ठिवून मटन होत असतंय व्हय?” ते म्हणाले, पण चोळलं मन लावून. थोड्या वेळानं ओव्हनमधून टण्ण असा आवाज आला. पातळ पत्रा आचेनं वाकला होता.

“बंदूक उडाली का काय!” पप्पा म्हणाले.

आईनं मान दुसरीकडं वळवून, फडक्यात धरून डबा बाहेर काढला. चाप फिकट पाण्यात तरंगत होते. पप्पांनी एक खाल्ला, दुसरा अर्धा खाल्ला. “दवाखान्यात असलंच देत्यात,” म्हणाले आणि हसले. हसले ते एकटेच.

दुपारी खिडकीतून मी बघितलं. आई परसात उकिडवी बसून तो डबा राखेनं घासत होती. एरवी मटणाची भांडी पप्पाच घासत, पण आता त्यांना वाकायची मनाई होती. मला तिनं हाक मारली नव्हती. घासून झाल्यावर ती सरळ न्हाणीत गेली आणि डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आली तेव्हा पप्पा बाजेवर उठून बसले होते.

“ऱ्हाऊ दे आता,” ते म्हणाले. “तुझ्या माळेपुढं माझं मटन मोठं न्हाय. त्यो ओव्हन आत ने. पापड ठिव त्याच्यात.”

 ओल्या केसांना पंचा गुंडाळून आई आत गेली. ओव्हन मात्र तिनं हलवला नाही. तो पडवीतच राहिला आणि आम्ही तिघंही जातायेता त्याला वळसा घालत राहिलो.

पुढच्या रविवारी मी कुणाला न विचारता खाटकाकडून थोडे चाप आणले. पप्पांनी चोळलं होतं तसंच चोळलं, अंदाजानं. परसातल्या चुलीमागं लोखंडी, उथळ तवा होता. त्यात घोटभर पाणी ओतलं, म्हणजे गळणारी चरबी जळून धूर होणार नाही. वर लोखंडी जाळी ठेवली, जाळीवर चाप. नुसती वरची दांडी लावली आणि तवा तिच्या जवळच्या खणात सरकवला. तव्याच्या कानामुळं दार पुरतं लागेना, तशी मी फटीशी स्टूल घेऊन बसले.

आधी काहीच झालं नाही. मग कडा तपकिरी झाल्या, कुठं कुठं काळ्या. चरबीचे थेंब पाण्यात चुर्र करून पडू लागले. वास परसात गेला. मी मान वर केली तर पप्पा मागं उभे होते. बाजेवरून उठल्याचा आवाजसुद्धा आला नव्हता.

“झाकणावर निखारे ठिवल्यासारखंच हाय की हे,” ते काचेतून बघत म्हणाले. मग लगेच, “पलट. पलट की! एका अंगानं करपतंय. ह्या इंग्लिश मीडियमला कुणी शिकवलं बघा.”

मी पलटलं. त्यांनी सांगितलं तेव्हा बाहेर काढलं, आणि जरा दम धरून मगच खायचं असं म्हणाले तेव्हा आम्ही दोघंही ताटलीकडं बघत दम धरून बसलो. पप्पांनी भाकरी पूर्ण खाल्ली. आई दाराआडून बघत होती. “वास आला का?” पप्पांनी मोठ्यानं विचारलं.

“आला,” आई म्हणाली. तिनं दार लावून घ्यायला सांगितलं नाही. तवा मी घासला.

मग आम्ही पुन्हा त्या दुकानात गेलो. या वेळी माझ्या मुठीत सुतळी होती, ओव्हनच्या आतल्या मापाची, चारी बाजूंनी गरम वारं फिरावं म्हणून थोडी आखूड कापलेली. मी ती न बोलता काउंटरवर ठेवली. दुकानदारानं ताटं, थाळे मोजून बघितले आणि शेवटी जाड स्टीलचा, बुटक्या काठाचा एक ट्रे काढला. आत जाळी बसत होती. मी मान हलवली. पप्पा बाहेर मोटारसायकलवर बसून हॉर्न वाजवत होते.

“ह्याच्यावर नाव घाला भाऊ,” आई म्हणाली. “नानकटाईच्या ट्रेसारखाच दिसतोय. चुकून आत आला तर?”

“मालकांचं घालतो की.”

“त्यांचं समद्या भांड्यांवर हाय. मग कळावं कसं?”

“मग तुमचं,” दुकानदार मिस्कील हसला आणि त्यानं नाव घालायचं मशीन सुरू केलं.

आईचा हात माळेकडं गेला. ती हो म्हणेना, नाहीही म्हणेना. मला वाटतं, पप्पांसाठी ती हो म्हणालीही असती. मशीनची सुई ट्रेच्या काठावर घरघरत थांबली होती. मागं एक बाई कुकरची रिंग घ्यायला उभी होती, तीही बघायला लागली.

“माझं घाला,” मी म्हणाले. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं वाटून पुन्हा, जरा मोठ्यानं म्हणाले, “माझं नाव घाला. आमच्यात मटण मी भाजते.”